नंबर नसलेली प्लेट

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या गावच्या सरपंच माननीय रुपाबाई, व्यासपीठावर माझ्या डाव्या हाताला बसलेले उड्डाणपूल कृती समितीचे सचिव मारोतराव, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती, म्हणजे पुलाच्या गुणवत्ता तपासणी अभियंता पल्लवी शेडगे मॅडम, पहिल्या रांगेत बसलेले आपल्या फाटकाचे गेटमन गोविंदसिंग, यार्डातले सगळे कारागीर, आणि समाजमंदिरात जागा न मिळाल्यामुळे खिडक्यांना लागून उभ्या असलेल्या माझ्या माय-बहिणींनो आणि बंधूंनो, सर्वांना जय भीम, नमस्कार.

मारोतरावांनी मला थोडक्यात बोलायला सांगितलं आहे. मी रिसोड आगारात एसटीचा वाहक होतो. वाहकाला थोडक्यातच बोलता येतं. पुढे सरका, सुटे द्या, दार लावा. भाषण ही माझी विद्या नव्हे. समितीचा अध्यक्ष झालो तेही मी सोडून बाकी कोणी रिकामं नव्हतं म्हणून. तेव्हा शब्द मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या.

मारोतरावांनी आत्ता मॅडमच्या धैर्याचं कौतुक केलं. योग्यच केलं. पण ते बोलताना एका ठिकाणी थबकले, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढचं पान उलटलं. इथल्या बहुतेकांना ते का थबकले हे ठाऊक आहे. पण आज मॅडमच्या जागी येणारे नवे साहेब बसले आहेत, बाहेरगावचे पाहुणे आहेत. त्यांना वाटेल, हे लोक मध्येच गप्प का होतात? म्हणून मी ती गोष्ट पहिल्यापासून सांगतो. सांगितल्याशिवाय मला मॅडमना निरोप देता यायचा नाही.

जऊळक्याच्या स्टेशनाच्या अलीकडे रेल्वे आपला रस्ता कापते. अलीकडे आपलं गाव, पलीकडे वाशिमची वाट. मध्ये फाटक. मी नोकरीत असताना माझी बस त्या फाटकावर किती वेळा उभी राहिली असेल, याचा हिशेब महामंडळालाही लागणार नाही. परीक्षेची पोरं, बाजाराला निघालेल्या बाया, कापसाच्या गाड्या, सगळे एका रांगेत. म्हणून आपण पूल मागितला. निवेदनं दिली. मग रास्ता रोको केला. माझी पत्नी लिलाबाई त्या दिवशी मला डबा द्यायला आली आणि रस्त्यावर बसली ती उठलीच नाही. पोलीस म्हणाले, बाई, उठा. ती म्हणाली, "रोज आमी थांबतो साहेब, रोज. आज तुमी थांबून पाहा, कसं वाटते ते." ते जमादार हसले. बहुतेक त्यांनाही त्या फाटकाचा अनुभव असावा.

पुढे पूल मंजूर झाला. तेव्हा मी निवृत्त होतो. निवृत्त माणसाला कुठं काही काम चाललं असलं की ते बघत उभं राहणं, हा एक धंदाच असतो. स्टेशनामागच्या पडीक जागेत यार्ड झालं. लांबलचक ट्रेलरवरून पोलादाच्या प्लेटा यायच्या. मी सकाळी चहा घेऊन जायचो तो जेवायलाच घरी. तिथंच मॅडमची ओळख झाली. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात टॉर्च. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, "काका, या रेघेच्या पलीकडे उभे राहा." दुसऱ्या दिवशी मी आपणहून रेघेच्या पलीकडे उभा राहिलो. मग बोलणं सुरू झालं.

मी विचारलं, एवढं लोखंड कशाला, आपल्याकडे सगळे पूल काँक्रीटचेच आहेत. त्यांनी मला समजावून सांगितलं. नव्या साहेबांनी ऐकावं, आणि चुकलं तर हात वर करावा. रुळांच्या मध्ये खांब उभा करायचा नव्हता. अलीकडच्या खांबावरून एका झेपेत पलीकडे जायचं होतं. एवढा लांब गर्डर, म्हणजे पुलाची आडवी तुळई, साध्या पोलादाचा केला तर जाड होतो, जड होतो. रेल्वे गाड्या थांबवून देते तो मोजका वेळ, तेवढ्यात क्रेननं तो उचलून बसवायचा असतो. म्हणून जास्त ताकदीचं पोलाद घ्यायचं. तेवढाच भार कमी जाडीत पेलतं.

एकदा त्या आमच्या घरी जेवायला आल्या असताना हाच विषय निघाला. हे पोलाद होतं कसं, मी विचारलं. त्या म्हणाल्या, पोलादाची जाड लादी भट्टीत लालभडक तापवतात आणि मोठमोठ्या रोलरांमधून पुन्हा पुन्हा काढतात, म्हणजे ती पातळ होत जाते. आमची लिला चुलीपुढून म्हणाली, "म्हंजे पोळीवानी?" मॅडम म्हणाल्या, "अगदी तशीच, काकू. पण शेवटचं लाटणं फिरलं तेव्हा ती किती तापलेली होती, आणि नंतर पाणी मारून ती किती वेगानं थंड केली, यावर तिची ताकद ठरते. आणि आतमध्ये दुसरे धातू असतात, अगदी चिमूटभर." लिला म्हणाली, "मंग मीठ विसरलं तर?" मॅडम म्हणाल्या, "तर दिसत नाही. खाल्ल्याशिवाय कळत नाही."

मॅडम साताऱ्याकडच्या. इथं खोली घेऊन एकट्या राहायच्या. लिलाला हे कळल्यावर तिनं मला एका संध्याकाळी सांगितलं, "त्या पोरीले जेवाले आना." मी आणलं. मग ते आणणं नेहमीचं झालं. भरीत, पातोडीचा रस्सा, अंबाडीची भाजी. मॅडमची भाकरी तव्यावर फाटायची, आणि लिला म्हणायची, "तुमच्या सातारले भाकरीले कोपरे असते काय वं?" आमच्या मुलीचं, मंजुषाचं, लग्न होऊन ती वाशिमला असते, शाळेत शिक्षिका आहे. मुलगा संघदीप पुण्याला नोकरीला. घरात आम्ही दोघं. मॅडम आल्या की लिला बोलायची. एरवी माझ्याशी काय बोलणार? मी तेच तेच एसटीचं सांगणार.

माइक जरा... हां. आता ठीक आहे.

गर्डर तयार झाला. रंगवायचा बाकी होता. रेल्वेनं गाड्या थांबवण्याची तारीख दिली होती. ती मिळायला किती खेटे घालावे लागतात हे मारोतरावांना विचारा. गावानं उद्घाटनाची तयारी सुरू केली होती. मंडपवाल्याला सांगून झालं होतं.

आणि मॅडमना गर्डरच्या खालच्या पट्ट्यात, अगदी मधोमध, एक तुकडा असा सापडला की ज्यावर नंबर नव्हता.

हे काय ते सांगतो. ताकदीची प्लेट आणि साधी प्लेट दिसायला सारखीच असते. रंग तोच, वास तोच. म्हणून कारखान्यातच प्रत्येक प्लेटवर नंबर ठोकतात. यार्डात ती कापायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर तोच नंबर पुन्हा ठोकायचा, म्हणजे कुठला तुकडा कुठल्या प्लेटचा हे कायम कळतं. या तुकड्यावर तो नव्हता. यार्डाचे साहेब म्हणाले, ठोकायचा राहिला असेल. मॅडमनी तो घासून त्याच्यावर कठीणपणा मोजायचं यंत्र लावलं. त्यांना शंका आली. मग त्याचा लहानसा नमुना कापून प्रयोगशाळेत ताणून तोडून पाहिला. ते साधं पोलाद निघालं. जिने आणि कठडे करायला आणलेल्या ढिगातली प्लेट इकडे आली होती. कोणाच्या हातून आली, कशी आली, ते आजपर्यंत कळलेलं नाही. वाईट हेतूनं कोणी केलं असंही मला वाटत नाही. दोन ढीग शेजारी शेजारी होते.

मॅडमनी गर्डर नाकारला. एवढंच नाही, त्या म्हणाल्या, एक निघाला म्हणजे बाकीचे तपासल्याशिवाय मी सही करणार नाही. तपासले. आणखी काही निघाले.

कंपनीचे मोठे साहेब आले. त्यांनी सुचवलं, त्या जागी वरून एक जोडपट्टी मारू, ताकद येईल. मॅडम नाही म्हणाल्या. मग आपली समिती गेली. पुढे मी होतो. यार्डातल्या पत्र्याच्या खोलीत आम्ही सगळे उभे, त्या एकट्या टेबलामागे.

मारोतराव म्हणाले, "मॅडम, एवढा मोठा गर्डर. त्यात हातभर तुकडा. काय फरक पडून राह्यला?"

त्या म्हणाल्या, "वरून वजन गेलं की गर्डर जरासा वाकतो. वाकला की सगळा ताण खालच्या पट्ट्यावर येतो. आणि सगळ्यात जास्त मधोमध. तुकडा तिथंच आहे."

मी म्हटलं, "मॅडम, ही तारीख गेली तर दुसरी कधी मिळन?"

"माहीत नाही, काका. नव्या प्लेटा कारखान्यातून यायला वेळ लागेल. मग पावसाळा आहे. वर्ष जाईल कदाचित."

"वर्षभर लोक फाटकावर उभे राहतील."

"हो," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर आमच्यातले काही जण नको ते बोलले. मी घरी आलो आणि लिलाला सगळं सांगितलं. मी रागात होतो. ती तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं, "पोरगी रडली काय?" मी म्हटलं, नाही. "ओरडली काय?" नाही. "मंग खरंच असन ते," ती म्हणाली, "तुमी तिले जेवाले काहून नाही आनलं?"

दुसऱ्या दिवशी तीच डबा घेऊन यार्डात गेली. गावात मॅडमशी कोणी बोलत नव्हतं तेव्हा लिला रोज बोलत होती. किराणा दुकानात एकानं म्हटलं, तुमच्या पोरीनं पूल अडवला. ती म्हणाली, "अडवला नाही. नीट बांधा म्हणते." आणि साखर घेऊन घरी आली. हे मला नंतर दुकानदारानं सांगितलं. तिनं नाही सांगितलं.

तो गर्डर कापला. पावसाळा गेला. हिवाळा गेला. खांब तयार होऊन नुसते उभे होते, रुळांच्या दोन्ही बाजूंना. कारखान्यात प्लेटा पाळीनं निघतात आणि आपली पाळी लांब होती, असं मॅडम सांगायच्या. लोकांचा राग कमी झाला, कारण लोक विसरतात. फाटकावर उभं राहायची सवय सगळ्यांना होतीच.

उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी ऊन चढलं होतं. संघदीप सुटी घेऊन घरी आलेला होता. लिला अंगणात बाजेवर वाळवण घालत होती. ती आत येऊन बसली आणि म्हणाली, "मले छातीवर दगड ठेवल्यावानी वाटून राह्यलं." तिचा चेहरा घामानं भिजला होता. संघदीपनं शेजारची जीप आणली. मी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. मंजुषाला फोन केला. ती म्हणाली, मी दवाखान्यात पोचते, तुम्ही निघा.

फाटक बंद होतं.

मालगाडी फाटकावरच उभी होती. पुढचा सिग्नल मिळालेला नव्हता. रस्त्याच्या अलीकडेही डबे, पलीकडेही डबे. गोविंदसिंग धावत आले. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि पुन्हा खोलीत धावले, फोनवर ओरडले. मी त्यांना ओरडताना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. गोविंदसिंग, मान खाली घालू नका. मी हे सगळ्यांसमोर सांगतो, कारण गावात वेडंवाकडं बोललं गेलं आहे. गाडी रस्त्यावर उभी असताना फाटक उघडून काय होणार होतं? तुम्ही जे करता येत होतं ते सगळं केलंत.

संघदीप म्हणाला, "बाबा, डब्याखालून नेऊ. मी उचलतो तिले." तो खाली उतरलासुद्धा. गोविंदसिंगांनी त्याला धरलं. म्हणाले, "बेटा, गाडी कवाही हलन." दुसऱ्या फाटकावरून जायचं तर मोठा वळसा होता आणि तेही बंदच असणार, गाडी तीच. लिला म्हणाली, "पानी द्या." पाणी दिलं. मग तिनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, गाडी उभी आहे. ती म्हणाली, "जाईन आता." गाडीबद्दल म्हणाली.

मी जीपच्या खिडकीतून वर बघत होतो. आपले खांब दिसत होते. दोन्हींच्या मध्ये काही नव्हतं, आकाश होतं. मला वाटतं तुमची अपेक्षा असेल की मी सांगावं, त्या वेळी माझ्या मनात काय आलं. काही आलं नाही. एक कावळा खांबावर बसला होता तो मी बघत होतो. तिचा हात माझ्या हातात होता आणि तो कधी जड झाला ते मला कळलं नाही. गाडी हलली, फाटक उघडलं, संघदीपनं जीप दामटली. मंजुषा दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर घेऊन उभी होती. डॉक्टरांनी तपासलं आणि नकारार्थी मान हलवली. मंजुषानं विचारलं, "आधी आनलं असतं तर?" डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, "बहुतेक वाचल्या असत्या."

खिडकीतल्या बायांनो, खाली बसा. तिथं सतरंजी आहे.

दुपारी लिलाला घरी आणलं. गाव जमलं. मॅडम आल्या. यार्डातून तशाच आल्या होत्या, हेल्मेट हातात. दाराबाहेर उभ्या राहिल्या. मंजुषा त्यांना पाहून उठली आणि दारापर्यंत गेली. म्हणाली, "आता काय तपासाले आल्या? सही कराले आल्या काय?" मॅडम गेल्या नाहीत. तिथंच भिंतीला लागून उभ्या राहिल्या. अंत्ययात्रा निघाली तेव्हा सगळ्यांच्या मागे चालत आल्या, आणि परत एकट्या गेल्या. त्यानंतर त्या आमच्या घरी आल्या नाहीत.

लोक मला विचारायचे, पंजाबराव, तुम्हाला राग येत नाही काय? मी म्हणायचो, नाही. त्यांना वाटायचं मी मोठ्या मनाचा आहे. तसं नव्हतं. मला राग येत नव्हता, रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती. जेवण पुढे आलं की जेवायचो. लिलाच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी मी पाहुण्यांना बसायला खुर्च्या देत होतो आणि एका क्षणी मी लिलाला हाक मारली, की पाण्याचे पेले कमी पडले. शेजारच्या बाईनं आणून दिले. मी घेतले. तेव्हाही काही वाटलं नाही. आजही, इथं उभं राहून हे सांगताना, दुसऱ्या कोणाचं सांगतोय असंच वाटतं आहे. तुम्ही रडता आहात, आणि मी बघतो आहे. मला माफ करा.

मग नव्या प्लेटा आल्या. प्रत्येक तुकड्यावर नंबर. मी ते बघायला गेलो नाही, मारोतरावांनी सांगितलं. गर्डर बसवायच्या दिवशी मात्र ते मला घेऊन गेले. म्हणाले, अध्यक्ष पाहिजेत. गेलो. गाड्या थांबवल्या होत्या. क्रेननं गर्डर उचलला, तो हवेत जरासा फिरला, माणसांनी दोर धरून सरळ केला, आणि खांबांवर टेकवला. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. इतकं सोपं होतं ते. चहा प्यायला लागतो तेवढा वेळ लागला असेल.

सगळे पेढे वाटत होते तेव्हा मॅडम खांबाच्या सावलीत बसल्या होत्या. मी जाऊन शेजारी बसलो. मला एकच विचारायचं होतं.

मी म्हटलं, "मॅडम, तो जुना गर्डर बसवला असता, तर पूल पडला असता काय?"

तुम्ही विचार करा, त्या वेळी 'हो' म्हणणं किती सोपं होतं. 'हो काका, पडला असता, शंभर माणसं मेली असती.' मी मान हलवली असती. मलाही बरं वाटलं असतं, त्यांनाही. त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही, काका. कदाचित उभा राहिला असता. कितीतरी वर्षं."

"आणि मंग?"

"मग एखाद्या दिवशी त्या तुकड्याच्या जोडाला चीर पडली असती. किंवा नसती पडली. ते मला माहीत नव्हतं. आजही माहीत नाही."

मग त्या म्हणाल्या, "मी सही केली असती तर काकू असत्या."

मी म्हटलं, "हो."

मी एवढंच म्हटलं. दुसरं काही म्हणायला हवं होतं असं आता तुम्हाला वाटत असेल. पण त्यांनी मला खरं सांगितलं होतं. मग मीही त्यांना खरंच सांगितलं. त्या उठल्या, हेल्मेट घातलं आणि गर्डरचे बोल्ट तपासायला गेल्या. मी त्यांना वर चढताना पाहिलं. एकेका बोल्टपाशी थांबत होत्या.

पूल सुरू झाला. तुम्ही सगळे त्यावरून जाता. मीही गेलो. परवा वाशिमला मंजुषाकडे जाताना बस वरून गेली आणि फाटक खाली राहिलं. माझ्या शेजारची इंझोरीची एक म्हातारी म्हणाली, "कसं भुर्रकन आलो ना!" मी म्हटलं, हो ना. खरंच भुर्रकन आलो होतो.

आता मॅडम, थोडं तुमच्याशी बोलतो, आणि आवरतं घेतो. रुपाबाई घड्याळाकडे बघत नाहीत हा त्यांचा मोठेपणा आहे.

मॅडम, तुम्ही उद्या दुसऱ्या पुलावर जाणार. तिथंही गर्डर असेल, तारीख ठरलेली असेल, मंडपवाल्याला सांगून झालेलं असेल. आमच्यासारखीच एक समिती तुमच्या टेबलापुढे उभी राहील. त्यांच्यातही माझ्यासारखा कोणी असेल, घरी बायको असलेला. आणि तिथं तुम्हाला पुन्हा एखादा तुकडा दिसला, तर मला भीती आहे की त्या वेळी तुम्हाला आमचं फाटक आठवेल आणि तुमचा हात सहीकडे जाईल.

तो जाऊ देऊ नका. पुन्हा नाहीच म्हणा.

हे मी क्षमा करून बोलत नाही. क्षमा करायला तुमचं काही चुकलेलं नाही, आणि चुकलं असतं तरी सध्या माझ्या आत ते करायला कोणी जागं नाही. हे मी हिशेबानं बोलतो आहे. या पुलावरून शाळेच्या बस जातात. लिलानं दुकानात जे सांगितलं तेच मी सांगतो: नीट बांधा. तिला पूल पाहिजे होता, आणि तिला तो नीट पाहिजे होता. दोन्ही पाहिजे होतं तिला. दोन्ही मिळेपर्यंत ती थांबू शकली नाही, एवढंच.

कार्यक्रमपत्रिकेत छापलं आहे की सत्कारमूर्तींना शाल आणि साडी माझी मुलगी मंजुषा देईल. मारोतरावांनी ते तिला न विचारता छापलं, त्यांचा हेतू चांगला होता. मंजुषा गावात आली आहे, पण इथं आलेली नाही. कृपा करून तिला कोणी नावं ठेवू नका. मी तिला म्हटलं, चल. ती म्हणाली, "बाबा, तुमी जा. मले नाही जमत." मी आग्रह केला नाही. शाल आणि साडी रुपाबाई देतील.

पण मी निघालो तेव्हा ती चुलीपाशी होती. पाठमोरीच म्हणाली, "त्या आज जाऊन राह्यल्या ना?" मी म्हटलं, हो, संध्याकाळच्या गाडीनं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "जेवाले घेऊन या. मी काही बोलनार नाही त्यायच्यासंगं. पन उपाशी नोका जाऊ देऊ."

तेव्हा मॅडम, कार्यक्रम संपला की माझ्याबरोबर चला. कोणी बोलणार नाही. भाकरी गरम असेल.

अध्यक्षा महोदयांनी मला वेळ दिला, गोविंदसिंगांनी इथं येऊन बसायचं बळ केलं, यार्डाच्या कारागिरांनी आमचा पूल उभा केला आणि आपण सर्वांनी मन लावून ऐकलं, त्याबद्दल समितीच्या वतीनं आणि लिलाबाईच्या वतीनं मी आपला ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कोणाला शब्द लागला असेल, तर तो माझ्या खात्यावर मांडा आणि मोठ्या मनानं सोडून द्या. आता रुपाबाईंनी शाल द्यावी. मी खाली बसतो.